अर्धं तेल, अर्धं लोशन

माणूस या जगात येताना काहीही घेऊन येत नाही आणि जाताना काहीही घेऊन जात नाही, असं थोर लोक सांगत आले आहेत. जाण्याबद्दल त्यांचं बरोबर असेल. येण्याच्या वेळी ते घरी नसावेत.

हे बाळ आलं आणि पाठोपाठ त्याचं सामान आलं. पारदर्शक कागदात गुंडाळलेल्या टोपल्या, प्रत्येकीत एक साबण, एक शांपू, एक पावडर, एक लोशन आणि वर रिबिनीला लटकवलेला कापडी ससा. देणारे वेगवेगळे, ससा तोच. शेजाऱ्यांनी दिलेल्या टोपलीतल्या कार्डावर भलत्याच बाळाला आशीर्वाद होते, त्यावरून ती टोपली बरीच घरं हिंडून आली असावी. शांपूच्या बाटलीवर ‘डोळ्यांत पाणी येणार नाही’ अशी हमी होती. कोणाच्या, ते लिहिलेलं नव्हतं. एक बदकाच्या आकाराचं थर्मामीटर होतं. ते आंघोळीच्या पाण्यात सोडलं की पाणी बरोबर आहे की नाही ते सांगायचं. आजी त्याच कामासाठी कोपर बुडवायची. बदकाला प्रत्येक पाणी गार वाटे, आणि आजीचं कोपर सिनेमाची तिकिटं विकताना खिडकीवर टेकून टेकून इतकं निबर झालेलं की त्याला प्रत्येक पाणी कोमट वाटे. बाळ दोघांच्याही विरोधात रडायचं.

घरात बाळ आलं की आधीच्या माणसांची नावं बंद पडतात. इथेही तेच झालं. जो होता तो बाप झाला, जी होती ती आई झाली, आणि बापाची आई, जिला इतकी वर्षं सून ‘आई’ म्हणत होती, ती एका रात्रीत सगळ्यांची आजी झाली. बाळाला मात्र ‘सरकार’ म्हणत. ते स्वतः काही करत नसे, सगळ्यांना पळवत असे, आणि कशाचंही कारण देत नसे.

सरकार महिना-दीड महिन्याचं झालं तेव्हा त्याच्या गालांवर पुरळ उठलं. मग कपाळावर, मग पोटावर. डॉक्टरीण बाईंनी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, “होतं असं. फार काही लावू नका.” ‘फार’ म्हणजे किती हे त्यांनी सांगितलं नाही, त्यामुळे घरी आल्यावर प्रत्येकीनं आपलं सोडून बाकीचं फार धरलं.

आईचा विश्वास लोशनवर होता. आजीचा तेलावर. आजी रोज सकाळी वाटीत तेल कोमट करायची, पाय पसरून त्यावर बाळ आडवं घ्यायची आणि रगडायची. नंतर आंघोळ, आणि आंघोळीनंतर आई लोशन लावायची. दोघी समोरासमोर असल्या तरी एकमेकींशी बोलत नसत. बोलणं सरकारमार्फत व्हायचं.

“काय गं बाई हा वास!” आजी बाळाच्या मानेत नाक खुपसून म्हणायची. “माणसाच्या पोराला फुलांचा वास कशाला हवा? एखादी मधमाशी येऊन बसायची.”

“सरकार, सांगा आजीला, हे तज्ज्ञांनी तपासलेलं आहे.”

“सरकार, विचारा आईला, कुठल्या तज्ज्ञांनी? नाव-पत्ता आहे का बाटलीवर?”

“तेलाच्या बाटलीवर तर तारीखसुद्धा नाही म्हणावं.”

“तारीख कशाला हवी? रोज तापवते. आजची तारीख घाल.”

यावर सरकारनं हातपाय ताणले आणि दुधाची गुळणी टाकली. ती नेमकी कोणाच्या बाजूनं होती यावर दोघींचं एकमत झालं नाही. लेकी बोले सुने लागे ही म्हण ज्यानं काढली त्याला वाटलं असेल की गोष्ट इथेच संपते. पण लेक नसली तर नातही चालते, आणि नातीला ऐकू येत नसलं तरी सुनेला येतं.

हे सगळं गमतीनं चालू होतं तोवर ठीक होतं. पण आईची रजा संपत आली होती. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाईकाच्या डोळ्यांपुढे एक काच धरायची, मग दुसरी धरायची आणि विचारायची, ‘ही बरी की ही?’ दुकानाच्या मालकानं दोनदा फोन करून तब्येतीची चौकशी केली होती, आणि मालक तब्येतीची चौकशी करतो म्हणजे काय ते कोणालाही कळतं. ती कामावर गेली की बाळ आजी सांभाळणार, असं बाळ होण्याआधीच ठरलं होतं. त्यासाठीच आजी थोरल्या मुलाच्या घरून इकडे आली होती. तिकडे तिला दिवाणखान्यात टीव्हीसमोरचा दिवाण होता. तिकडे तिला सगळे फार मान द्यायचे, म्हणजे कामाला हात लावू द्यायचे नाहीत. इकडे येताना तिनं स्वतःची उशीसुद्धा आणली होती. परत जायचं असलं की माणूस उशी आणत नाही.

एका दुपारी आईनं सरकारला मध्ये न घेता थेट सांगितलं.

“आजी, राग मानू नका. पण मी दिवसभर बाहेर असणार. तेलानं हे होत असेल आणि तुम्हाला तेल लावल्याशिवाय राहवत नसेल, तर मला पाळणाघर बघावं लागेल. एका बाईंशी बोलून ठेवलंय मी.”

आजी टोपडं घडी घालत होती. तिनं ते उलगडलं आणि परत घडी घातलं.

“आणि लोशननं होत असेल तर?”

“तर लोशन बंद.”

“मी राहीन?”

“तुम्ही राहाल.”

हे ऐकून बाप आत आला. तो रंगाच्या कारखान्यात परीक्षण विभागात होता. कारखान्याच्या गच्चीवर लाकडी फळ्या उन्हापावसात मांडलेल्या असत. प्रत्येक फळीच्या मधोमध रेषा, डाव्या अर्ध्या भागाला जुना रंग, उजव्याला नवा. काही महिन्यांनी कुठला उडाला, कुठला टिकला ते बघायचं. वाद घालायचा नाही, आवाज चढवायचा नाही, फळी काय ते सांगते. बापाचा आयुष्यात दुसऱ्या कशावर नसेल इतका विश्वास त्या फळीवर होता. नवरा म्हणून, मुलगा म्हणून त्याला या भांडणात एकही वाक्य सुचलं नव्हतं. परीक्षक म्हणून लगेच सुचलं.

“अर्धं-अर्धं करू,” तो म्हणाला.

कपाळापासून नाकावरून खाली बेंबीपर्यंत रेषा. डावीकडे फक्त तेल, उजवीकडे फक्त लोशन. निकाल लागेपर्यंत कोणी पलीकडे हात घालायचा नाही.

“डावीकडे म्हणजे कोणाच्या?” आजीनं विचारलं. “तिच्या की बघणाऱ्याच्या?”

“तिच्या.”

“मग तसं सांग की. उगाच खुर्ची नंबर चुकला म्हणून लोक भांडतात.”

बापानं खिशातून कागदी चिकटपट्टी काढली, रंगारी कडेला लावतात ती. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं ती परत खिशात ठेवली.

आईनं होकार दिला, कारण ही बरी की ही हा प्रश्न तिला पटण्यासारखा होता. आजीनं होकार दिला, कारण दुसरा काही इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून बाप कामावरून येताना शेडकार्ड घेऊन येऊ लागला. लालसर छटांचं पान उघडायचा, बाळाच्या गालाशी धरायचा आणि एक डोळा मिटून बघायचा. ‘लाजरी’, ‘सांजवेळ’, ‘डाळिंब’, ‘भट्टीची वीट’ अशी त्या छटांची नावं होती. स्वतःच्या पोटच्या पोरीला कोणी बाप भिंतीसारखं न्याहाळत असेल असं शेजारणीला वाटलं नव्हतं; ती साखर मागायला आली होती, ती न घेताच गेली.

“डावा गाल, सांजवेळ,” तो जाहीर करायचा. “उजवा गाल… सांजवेळ.”

“नीट बघ. डावीकडे जास्त आहे,” आई म्हणायची.

“चष्मा बदल,” आजी म्हणायची. ज्या बाईनं आयुष्यभर लोकांना चष्मे बदलून दिले तिला हे लागलं, पण तिनं डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं.

एखाद्या दिवशी दोन्ही गाल डाळिंब व्हायचे, एखाद्या दिवशी दोन्ही लाजरीवर यायचे. वर जाताना बरोबरीनं, खाली येताना बरोबरीनं. बापानं अशी फळी कधी पाहिली नव्हती. मध्ये थोरल्याचा फोन आला. आजीनं तो कानाला लावून नुसतं ‘हो, हो’ केलं. ठेवल्यावर म्हणाली, “दिवाण रिकामाच आहे म्हणतो.” त्या संध्याकाळी तिनं उशीचा अभ्रा धुतला, वाळवला, आणि उशीला न घालता पिशवीत ठेवला. बापानं ते पाहिलं आणि शेडकार्डाचं पान उलटलं.

कारखान्यात त्याच्या शेजारच्या टेबलावर एक जाडजूड सहकारी बसायचा, ज्याला सगळे ‘प्रायमर’ म्हणत, कारण रंगाआधी भिंतीला प्रायमर लागतो तसा कुठल्याही गोष्टीत तो पहिला लागायचा. बापानं त्याला फोनवरचे गालांचे फोटो दाखवले.

“गोड आहे,” प्रायमर म्हणाला. “दोन हात मार आणि मोकळा हो.”

“चेष्टा नको. दोन्ही बाजू एकसारख्या का येतायत सांग.”

प्रायमरनं फोटो मोठा केला, लहान केला. “कोरी पट्टी कुठेय?”

“कसली?”

“अरे, कसली काय? कुठलीही फळी लावताना एक पट्टी कोरी ठेवतोस ना? काहीच न लावता लाकूड कसं वागतं ते कळायला. ती कुठेय?”

“ती काय फळी आहे का?”

“मग अर्धी-अर्धी कशाला केलीस?”

बापानं फोन परत घेतला. इतक्या वर्षांत त्यानं कोऱ्या पट्टीशिवाय एक फळी उन्हात ठेवली नव्हती, आणि आपल्या पोरीच्या बाबतीत तो ती विसरला होता. बाळाला काहीच लावायचं नाही, ही शक्यता त्या घरात कोणाच्या मनातसुद्धा आली नव्हती. तेल की लोशन यावर भांडण होतं. ‘काहीतरी’ यावर सगळ्यांचं एकमत होतं.

घरी येऊन त्यानं चप्पलही न काढता बाळाच्या तोंडावर वाकून पाहिलं. दोन्ही गाल डाळिंब. कपाळ सांजवेळ. आणि मध्ये, रेषेवर, नाक. स्वच्छ. शेडकार्डात त्या छटेला नाव नव्हतं.

“नाकाला कोणी काय लावलंय?” त्यानं विचारलं.

“काही नाही,” आई म्हणाली. “नाक कोणाचं ते ठरलंच नव्हतं.”

“मीही नाही,” आजी म्हणाली. “रेषेला हात लावला नाही मी. पलीकडे गेले तरी नाक सोडून गेले.”

बापानं मान वर केली.

“पलीकडे गेलीस?” बाप म्हणाला.

“अर्धं पोर कोरडं ठेवायचं?” आजीचा आवाज चढला. “एका हाताचे लाड आणि एका हाताला शिक्षा? तिनं काय केलंय? वाटीत उरलेलं तेवढं लावायची. थोडंसं. आई हिची आंघोळीला गेली की.”

आता आईनं जिंकायला हरकत नव्हती. पाळणाघराच्या बाईंचा नंबर तिच्या फोनमध्ये होता. पण तिनं फोनला हात लावला नाही. तिच्या कानांच्या पाळ्या हळूहळू लाल होत गेल्या. बापानं सवयीनं अंदाज घेतला, डाळिंबाच्या आसपास.

“मी डावी बाजू पुसायची,” ती म्हणाली. “दुपारी तुम्ही पडलात की. ते चिकचिकीत बघवायचं नाही मला.”

“नुसती पुसायचीस?”

“पुसून लोशन लावायची.”

म्हणजे दोन्हीकडे दोन्ही होतं. कारखान्यात असं कोणी केलं असतं तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. इथे सगळे घरीच होते. सबंध चेहऱ्यावर दोघींनीही इमानदारीनं वगळलेली एकच जागा म्हणजे नाक, आणि नाकच तेवढं चांगलं होतं.

“म्हणजे काहीच लावायचं नाही?” आजीनं विचारलं. आयुष्यात कोणी इतकी चमत्कारिक सूचना केली नव्हती असा तिचा चेहरा झाला.

आई तिच्या समोर जमिनीवर बसली. “आजी, ते राहू द्या. मला एकच खरं सांगा. मी कामावर गेले आणि सांगून गेले की हे लावू नका, तर तुम्ही लावाल?”

‘नाही’ म्हणणं सोपं होतं. आजीनं वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडावर खिडकी लावून ‘नाही’ म्हटलेलं होतं.

“लावीन,” ती म्हणाली. “एक लाव म्हणालीस तर दुसरंही लावीन. मला माझं ठाऊक आहे. पोर समोर असलं की हात गप्प बसत नाहीत. रडतं का, तर काहीतरी कमी पडतंय. आणि कमी काय पडतंय ते कळत नाही. मग हाताला लागेल ते लावते.” तिनं जराशानं मान वर केली. “तू तरी दुसरं काय करतेस?”

“तेच,” आई म्हणाली.

“पण काहीच नको म्हणालीस, अगदी काहीच, तर मग… बघते. हात कुठे ठेवायचे ते बघावं लागेल.”

बापानं स्टूल आणलं. टोपल्या, बाटल्या, डबे, तेलाची वाटी, बदक आणि ससे, सगळं कपाटाच्या माळ्यावर गेलं. खाली एक साधा साबण आणि पंचा राहिला. खोली एकदम मोठी वाटू लागली, आणि तिघांनाही आपण काहीतरी विसरलोय असं वाटत राहिलं.

पाळणाघराच्या बाईंना आईनं नक्की काय ते कळवायचं होतं. त्याआधी मालकानं तिला अर्ध्या दिवसासाठी बोलावलं. निघताना तिनं कपाटाकडे पाहिलं नाही, आजीनं ते पाहिलं.

दुकानात तिनं एका गृहस्थांना ‘ही बरी की ही?’ म्हणून तीच काच दोनदा दाखवली. त्यांनी दुसरी बरी म्हणून सांगितलं. मग ती ठरल्यापेक्षा लवकर निघाली आणि घराचं दार आवाज न करता उघडलं. हेरगिरी नव्हती ती. बाळ झोपलं असलं तर जागं होऊ नये म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं.

बाळ जागं होतं. गादीवर उताणं पडून छताकडे बघत होतं. आजी शेजारी मांडी घालून बसली होती. दोन्ही हात तिनं मांड्यांखाली दाबून ठेवले होते, थंडीत कोणी धरावेत तसे, आणि ती बोलत होती.

“…तर सरकार, तो पिक्चर होता रडवा. आतमध्ये काय झालं ते मी काही पाहिलं नाही. मला कोण सोडतंय आत? पण सुटला ना, की एकेक जण लाल डोळे करून बाहेर. बायका बायकांकडे बघत नव्हत्या. एक मोठा मिशीवाला माणूस, माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, ‘उद्याची दोन द्या.’ म्हटलं, अहो, आत्ता तर रडलात. तर म्हणतो, ‘म्हणूनच.’ असा तो पिक्चर. दुसरा होता हसवा. त्याला माणसं मुकाट्यानं बाहेर पडायची, पैसे पडलेत अशा तोंडानं…”

सरकारनं हात हवेत झाडले. ओठ मुडपले आणि रडायला सुरुवात केली. आजीचा उजवा हात मांडीखालून निघाला, कपाटाच्या दिशेनं अर्धवट उठला, आणि तिथेच थांबला. मग तो खाली आला आणि बाळाच्या पोटावर नुसता पडून राहिला. कोरडा. चोळलं नाही, थोपटलं नाही. बाळ रडत राहिलं, आजी थांबून राहिली. लगेच काही गप्प झालं नाही ते. हातांनी काही करता येत नसताना शेजारी बसून राहणं हे किती अवघड काम आहे ते दारात उभ्या असलेल्या आईला माहीत होतं. तिला स्वतःला ते अजून जमलं नव्हतं.

रडणं ओसरल्यावर ती आत आली, बाळाला उचललं आणि टाळूचा वास घेतला. तेल नाही, फुलं नाहीत. दुधाचा आणि घामाचा, आणि ज्याला बाटलीवर नाव मिळालेलं नाही असा तिसरा एक वास.

“काही लावलं नाही हो,” आजी म्हणाली. “तपास खुशाल.”

“तपासत नाहीये,” आई म्हणाली, आणि तपासून झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन फोन लावला. दोनच वाक्यं बोलली. बाहेर आली तेव्हा आजी उभीच होती.

“कोणाला फोन?”

“पाळणाघराला. हाऊसफुल्ल आहे तिकडे.”

आजीनं तिच्याकडे पाहिलं. ती पाटी तिनं स्वतःच्या हातानं इतक्यांदा लावली होती, की ती कधी खरी असते आणि कधी नसते हे तिच्याइतकं कोणाला कळणार?

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि अभ्रा शोधायला गेली.

गालांवरचं पुरळ पुढे कधी कमी झालं, कधी वाढलं, पण त्यावरून घरात आवाज चढला नाही. बाप कारखान्यात या प्रयोगाची गोष्ट इतक्यांदा सांगू लागला, की प्रायमर जेवणाचा डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसायला लागला. कोऱ्या पट्टीचं महत्त्व, माणसाची घाई, काही न करण्यातलं शहाणपण. नाकावरून त्यानं जवळजवळ एक तत्त्वज्ञान उभं केलं होतं.

लस टोचायला सगळे मिळून गेले तेव्हा त्यानं ते डॉक्टरीण बाईंनाही ऐकवलं. रेषा, तेल, लोशन, शेडकार्ड, दोघींची कबुली आणि शेवटी नाक. आजी आणि आई दोन बाजूंना उभ्या राहून आपापल्या जागी माना हलवत होत्या. डॉक्टरीण बाईंनी सुई टोचून झाल्यावर कापूस दाबला आणि वर पाहिलं.

“नाकावर?” त्या म्हणाल्या. “हे पुरळ नाकावर सहसा येतच नाही.”

आणि त्यांनी पुढच्या बाळाला आत बोलावलं.